बानाबाईनं इंजन दिलं नाही

भंगारवाल्याचा टेम्पो धरणाच्या कोरड्या पात्रात उतरला, तेव्हा बानाबाई बोटीत चढून इंजनाच्या झाकणावर मांडी घालून बसलेली होती. टेम्पोतून आधी तिचा दीर रामेश्वर उतरला आणि त्याच्या मागं गॅस कटर घेतलेला माणूस.

"वहिनी, खाली उतरा. दादाशी बोलणं झालंय माझं."

"दादाशी झालं असंल. माझ्याशी नाय झालं."

"अवो, पाणी कुठंय इथं? पार तिकडं क्षितिजाला गेलंय. भेगाळल्या मातीवर बोट चालवता का आता?"

"ते माझं मी बघीन. कटर लावायचं तर आधी माझ्या पायाला लावा."

कटरवाल्यानं रामेश्वरकडं पाहिलं. बाईमाणसाच्या अंगाला हात लावायची दोघांचीही छाती होईना. ऊन माथ्यावर आलं तसा भंगारवाला वैतागला, रामेश्वरला दोन शिव्या दिल्या आणि टेम्पो माघारी वळवला.

ही बोट बानाबाईच्या सासऱ्याची, मुंजाबाची. घर मेंढरं राखणारं. पैठणच्या धरणाचा फुगवटा आला आणि चराईची जुनी वाट पाण्याखाली गेली. पलीकडच्या काठाला मेंढरं न्यायची कशी? मुंजाबानं कोकणातल्या एका मच्छीमाराची जुनी शिडाची बोट ट्रकवर घालून घाट चढवून आणली. तिच्या पोटात समुद्रावर चालणारं डिझेल इंजन. बोटीखालचंच पाणी ओढून घ्यायचं, अंगाभोवती खेळवून थंड व्हायचं आणि ते पाणी मागं थुंकायचं. अख्खी वाडी हसली होती. मग तीच वाडी बाजारहाटाला या बोटीत बसू लागली.

मुंजाबामागं त्याचा मुलगा हनुमान, बानाबाईचा नवरा, बोट चालवू लागला. एका सकाळी इंजन सुरू करताना हँडलनं उलटा मार दिला आणि त्याचा उजवा हात कोपरातून मोडला. तो पुन्हा सरळ झालाच नाही. तेव्हापासून हँडल बानाबाई मारायची. तेल बदलणं, पाणी गाळायची जाळी धुणं, पट्टा ताणणं सगळं तिच्याकडं आलं. हनुमान सुकाणूशी बसून सांगायचा आणि ती करायची. पुढं पुढं तो सांगेनासा झाला. मोडल्या हातापेक्षा बायकोचा चालता हात त्याला जास्त सलत असावा.

दोन हजार बाराच्या दुष्काळात पाणी आटत गेलं. शेवटच्या एका फेरीला इंजनानं पाण्याऐवजी गाळ ओढला. आतून तापून त्यानं धूर ओकला आणि ते जागच्या जागी जाम होऊन बसलं. शीड लावून बोट कशीबशी काठाला आली. पाणी मागं सरत गेलं, बोट तिथंच राहिली.

रामेश्वर शहरात गारखेड्याला एका नव्या इमारतीचा वॉचमन होता. त्यानं शेजारच्या इमारतीत भावाला काम लावलं. जिन्याखालची खोली मिळाली. बानाबाईनं चार घरची भांडी धरली. रोज सकाळी खाली कुणीतरी पाइप लावून गाडी धुवायचं. हे पाणी कुठून येतं, तिनं एकदा विचारलं.

"तुमच्याच धरणातून की, मावशी," गाडीवाला हसत म्हणाला.

वाडीला टँकर आठवड्यानं येत होता. बानाबाईनं तो पाइप उचलला, नळ बंद केला आणि पाइप त्याच्या हातात दिला. "बादलीत घ्या अन् फडक्यानं पुसा." त्यावरून तिचं एक घर सुटलं. हनुमान चिडला. "आपण लोकांच्या दारात हाय, बाने. जपून राहावं."

"म्हणूनच ऱ्हायचं नाय मला," ती म्हणाली.

त्याच सुमारास भावाभावांनी इंजन भंगारात घालायचं ठरवलं. तिला कळलं ते जावेकडून, आदल्या दिवशी. सकाळची पहिली एसटी धरून ती एकटी वाडीला आली आणि झाकणावर बसली. टेम्पो गेल्यावरही ती परत गेली नाही.

तिनं इंजनाचं वरचं हेड खोललं. पिस्टन गंजून लायनरच्या नळकांड्याला आतून चिकटला होता. तिनं वरून रॉकेल आणि डिझेल ओतलं, मुरू दिलं, पुन्हा ओतलं. लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत राहिली. लोखंडाला जबरदस्ती चालत नाही, हे मुंजाबा सांगायचा. एका दुपारी पिस्टन बोटभर हलला. तिथं कुणी नव्हतं. ती एकटीच मोठ्यानं ओरडली, "हललं रे!"

लायनरला आतून खोल चरे पडले होते. लायनर काढून, बाचक्यात बांधून ती शहरात गेली. दुकानदार जुना नमुना पाहून नाही म्हणत. शेवटी फकिरा नावाचा लेथवाला भेटला. त्यानं लायनर उजेडात धरून फिरवला.

"मावशी, ये तो समंदर का माल है. इधर पीने कू पानी नै, तुम बोट चलारे?"

"समुद्राचं असो नायतर डबक्याचं. नवा करता येतो का, ते सांग."

फकिरानं लायनर केला, त्यात बसतील अशा पिस्टनच्या रिंगाही शोधून दिल्या. इंजनाच्या पोटातला वाळलेला गाळ बानाबाईनं तारेनं खरवडून काढला. सगळं जोडून झालं, पण चालवून बघायला थंड करणारं पाणी हवं. तिनं आपल्या वाट्याचं टँकरचं पाणी ड्रममध्ये ओतलं आणि ओढायची नळी त्यात सोडली.

साळूबाई शेजारीण तावातावानं आली. "माणसाला प्यायला नाय अन् तू लोखंडाला पाजतीस? लाज नाय वाटत?"

"माझ्या वाट्याचं हाय. अंघोळ सोडलीय मी. अन् हे बघ, बाहेर पडलेलं पाणी परत ड्रममधीच येतंय. बैलाला पाजतीस ना? हा माझा बैल."

डिझेलच्या नळीत हवा अडकली होती. तिनं नट सैल करून बुडबुडे संपेस्तोवर डिझेल वाहू दिलं, नट आवळला, हँडल मारलं. इंजन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि धडधडू लागलं. कोरड्या पात्रात तो आवाज लांबवर गेला. साळूबाई कानावर हात ठेवून उभी राहिली, पण गेली नाही.

पुढं पाऊस झाला. वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि बोट एका सकाळी आपोआप हलली. हनुमानही काम सोडून परतला होता. तो लांब बांधावर बसून राहिला. पहिल्या फेरीला कचरू मेंढपाळ तेवढा तयार झाला, तोही कुरकुरत. "बाईच्या हातात बोट म्हंजे माझी मेंढरं देवाच्या भरवशावर."

"मग देवालाच बोलव चालवायला. मी निघाले."

तो चढला.

मधोमध इंजनाचा सूर बदलला. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, बंद झाली. बानाबाईनं लगेच इंजन बंद केलं. कचरूनं देवाचा धावा सुरू केला.

"बोंबलू नको. त्या दोरीला धर अन् ओढ!"

शीड वर गेलं, वाऱ्यानं भरलं. सुकाणू कचरूच्या हातात देऊन ती खाली वाकली. जाळी शेवाळानं, गाळानं गच्च भरली होती. तिनं ती नखांनी साफ केली, बसवली, हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्यात इंजन बोललं. मेंढरं पलीकडं उतरली.

ती परत आली तेव्हा हनुमान काठाला उभा होता, छातीपर्यंत भिजलेला. आवाज थांबला तसा तो पाण्यात चालत सुटला होता, असं साळूबाईनं नंतर सांगितलं. पोहता त्याला एका हातानं येत नव्हतं.

"काय झालं व्हतं?" त्यानं विचारलं.

"गाळ."

"जाळी मोठी लाव. लवकर तुंबत नाय."

इंजनाबद्दल तो तिच्याशी कित्येक वर्षांनी बोलला होता. "लावते," ती म्हणाली.

बोटीत तो पुन्हा कधी बसला नाही आणि तिनंही आग्रह केला नाही. दोन वर्षांनी पुन्हा पाणी आटलं. रामेश्वरनं पुन्हा निरोप धाडला, की शहरात खोली आहे, इंजनाला गिऱ्हाईकही आहे. बानाबाईनं निरोप आणणाऱ्याला चहा पाजला. मग पाना घेतला आणि त्याच्यादेखत हेडचे नट सोडायला बसली.

"रामेश्वरभावजींना सांग," ती मान वर न करता म्हणाली, "पाणी येईस्तोवर इंजन दुरुस्तीला काढलंय. हात रिकामे नायत."