ताईनं दोर सोडला

भाऊजींच्या डाव्या भुवईच्या वर एक वाकडी पांढरी रेघ आहे. ती मी केलेली आहे. लोखंडी दांड्यानं, अंदमानच्या समुद्रात, माझी सख्खी बहीण आणि माझा नवरा समोर असताना.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी आणि तिथल्याच कॉलनीत सगळा संसार. कॉलनीत त्यांना मोठा मान. कुणाकडे लग्न असलं की मांडवातला माइक यांच्या हातात, कुणी गेलं की खांदा द्यायला हे पुढे. आणि घरात ते ताईला मारत. आम्हाला ते माहीत होतं, पण बोललं कधी गेलं नाही. ताई नागपूरला आमच्याकडे यायची ती भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून. "मोरीत पाय घसरला वं," म्हणायची, आणि लगेच माझ्या हातातली कणीक ओढून मळायला बसायची.

भाऊजी रिटायर झाले तेव्हा त्यांच्या मुलीनं ही सहल ठरवली. ती पुण्यात नोकरी करते. मोठं जहाज वगैरे नाही, शिडाची छोटी बोट. चार पाहुणे, एक कप्तान, एक खलाशी. बेटाबेटांतून हिंडायचं, बोटीवरच जेवायचं, बोटीवरच झोपायचं. "मावशी, तू आणि काका पण जा न," ती फोनवर म्हणाली, आणि ठेवायच्या आधी तेच आणखी दोनदा म्हणाली. आई-बाबा एकटे जायला नकोत, एवढं मला कळलं. पाणी म्हणजे आम्हाला रामटेकजवळचा खिंडसीचा तलाव. माझे मिस्टर तर अंबाझरीच्या पाण्यालाही काठावरूनच नमस्कार करणारे. तरी आम्ही निघालो.

बोट देखणी होती. पण तिच्यात कुठं लपायला जागा नव्हती. खाली दोन केबिन, मध्ये प्लायवूडची भिंत. एकानं कूस बदलली की दुसऱ्याला कळे. कप्तान साठीकडे झुकलेला मल्याळी माणूस, मोजकं बोलणारा. खलाशी तिथलाच, अंदमानातल्या मायाबंदरचा, चाळिशीचा, तोच स्वयंपाक करी.

पहिल्या दिवशी मागं सोडलेल्या गळाला मासा लागला. माझ्या हातभर लांब, निळसर, नुसता तडफडणारा. खलाशानं त्याला डेकवर ओढलं आणि डोक्यावर घालायला लाकडी सोटा घेतला. भाऊजी म्हणाले, "मेरे को दो." त्यांनी पहिला घाव घातला तसा मासा थरथरून थांबला. त्यांनी दुसरा घातला. मग तिसरा. माशाचा डोळा बाहेर आला, रक्त माझ्या साडीवर उडालं. भाऊजींचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ते हसत होते.

"बस, साब," खलाशी म्हणाला. "मर गया वो."

भाऊजींनी आणखी एक घातला आणि सोटा टाकला. ताई उठून खाली गेली. तो मासा आम्ही दुपारी भाताबरोबर खाल्ला. मिस्टरांना बोट लागली होती, त्यांनी सगळा ओकून टाकला.

दुसऱ्या दिवशी वारा छान होता. भाऊजी कप्तानाच्या मागे लागले, "मैं इंजिनियर आदमी हूं, मेरे को सिखाओ." कप्तानानं मोठ्या शिडाचा दोर त्यांच्या हाती दिला. "मैं बोलूं तो छोड़ना," एवढंच सांगितलं. भाऊजी दोर धरून असे बसले होते की जणू बोट त्यांनीच बांधलीय. ताई त्यांच्या शेजारी, मी आणि मिस्टर समोर.

दुपार कलल्यावर पूर्वेकडून एक काळी भिंत आली. मी तिच्याकडे बोट दाखवेपर्यंत वारा अंगावर आदळला होता. पाऊस आडवा येत होता आणि खड्यांसारखा लागत होता. खलाशी पुढचं शीड उतरवायला धावला. बोट एका कुशीवर अशी कलली की माझ्या पायांखाली डेक नव्हता, समुद्र होता. मिस्टर घसरत गेले आणि कठड्याला जाऊन अडकले.

"छोड़ो! रस्सी छोड़ो!" कप्तान ओरडला.

भाऊजींनी सोडला नाही. ते घाबरून गोठले होते. दोर दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. पाणी आत यायला लागलं. कप्तान सुकाणूवरून हलू शकत नव्हता. त्यानं त्यांना आईवरून शिवी दिली, दुसरी दिली. तेवढ्यात ताई गुडघ्यांवर पुढे सरकली, तिनं भाऊजींची बोटं एकेक करून उचकटली आणि दोर सोडून दिला. दोर तिच्या तळव्यांतून सरसरत गेला. वर शीड बंदुकीसारखं फडाडलं, त्याची एक शिवण टराटरा उसवली, आणि बोट धाडकन सरळ झाली.

वादळ आलं तसंच निघून गेलं. इंजिन लावून कप्तानानं बोट एका बेटाच्या आडोशाला नेली आणि नांगर टाकला. आम्ही सगळे नखशिखांत भिजलेले. ताईच्या दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. तिनं ते हात माझ्यासमोर धरले आणि ती हसायला लागली. भीती गेल्यावर येतं तसं हसू. थांबेचना.

"पाह्य वं, मीच सोडला दोर! मी! मले काय येते त्यातलं?"

भाऊजींनी तिला थोबाडीत दिली. हसणं मध्येच तुटलं. मग मूठ. मग त्यांनी तिचे ओले केस धरले आणि तिचं डोकं केबिनच्या चौकटीवर आपटलं. "हसून राहिली? मले हसते तू?" पुन्हा आपटलं. ताईनं हात वर केले नाहीत. डोळे मिटले आणि मान सैल सोडली. मार खायची तिला सवय होती, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

दोर ताणायच्या चक्रीत घालून फिरवायचा एक लोखंडी दांडा असतो. तो माझ्या शेजारी पडला होता. मी तो उचलला आणि भाऊजींच्या तोंडावर मारला. नेम वगैरे काही नव्हता. ते मेले असते तर मेले असते. हाड वाजलं. ते मागे बसले आणि कपाळातून रक्ताची धार त्यांच्या डोळ्यात उतरली.

मग खाडकन माझ्या कानाखाली बसली. ताईनं मारली होती. त्या सोललेल्या हातानं.

"काहून मारलं वं त्यायले?" ती किंचाळली. "काहून मारलं?"

भाऊजी उठून माझ्यावर आले. माझा गळा त्यांच्या हातात आला, इतक्यात कप्तानानं त्यांना मागून पाडलं आणि तो त्यांच्या पाठीवर गुडघा देऊन बसला. मिस्टर, जे आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोलले नाहीत, त्यांनी भाऊजींचे पाय धरून ठेवले. खलाशानं जखमेवर फडकं दाबलं. कप्तानानं त्यांना पुढच्या सामानाच्या खोलीत नेऊन बाहेरून कडी घातली.

तिथून पोर्ट ब्लेअरपर्यंत ते आतून दाराला लाथा मारत शिव्या घालत होते. माझ्या नावानं, ताईच्या नावानं, आमच्या मेलेल्या आईच्या नावानं. समुद्र अजून खवळलेला होता. बोट लाटेवरून आपटली की लाथ थांबे, मग पुन्हा सुरू. ताई माझ्यापासून लांब, हातांना ओलं फडकं गुंडाळून बसली होती. तिचा एक डोळा पूर्ण बंद झाला होता. मी तिला पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. खलाशानं दिलं तेव्हा घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती. तिनं भाऊजींना टाके घालता घालता विचारलं, कसं लागलं?

"शिड का डंडा घूम के लगा," भाऊजी म्हणाले. तोवर ते पुन्हा कॉलनीतले भाऊजी झाले होते, आवाजही तसाच भारदस्त. "तूफान था न."

मिस्टरांनी खाली पाहिलं. कप्तान दाराशी उभा होता. डॉक्टरीण ताईच्या डोळ्याकडे वळली. "आणि यांना? यांनाही शिडाचाच?" असं तिनं हिंदीत विचारलं.

ताई म्हणाली, "नहीं. मेरे को इन्होंने मारा. हमेशा मारते. और इनको मेरी बहन ने मारा, क्योंकि ये मेरे को मार रहे थे."

भाऊजी ताडकन उठले. सुई कपाळातच होती, दोरा लोंबत होता. "चूप बस!" पण तिथं दोन वॉर्डबॉय होते आणि कप्तान होता. ते खाली बसले. ताईनं तेच वाक्य आणखी एकदा म्हटलं, या वेळी मराठीत, कुणाकडेच न बघता.

ती आमच्याबरोबर नागपूरला आली. भाऊजी वेगळ्या विमानानं. पंधरवड्यानं आम्ही कोराडीला तिचं सामान आणायला गेलो. भाऊजींनी दार उघडलं, "चहा टाक," म्हणाले. ताई सरळ आत गेली आणि कपाट उपसू लागली. आम्ही शिलाई मशीन उचलली तेव्हा त्यांनी शोकेसची काच फोडली. मग एकेक बशी घेऊन भिंतीवर मारत गेले. एका तुकड्यानं मिस्टरांचा कान कापला. ताई साड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटी फोडायला काही उरलं नाही तेव्हा भाऊजी सोफ्यावर बसून रडले. ताई क्षणभर थांबली. मला वाटलं, गेली ही परत. पण तिनं फक्त त्यांच्या पायांजवळची चप्पल सरळ करून दिली, काच लागेल म्हणून, आणि बाहेर पडली.

आता ती आमच्या वरच्या खोलीत राहते, ब्लाउज शिवते. भाऊजी फोन करतात. कधी ती उचलते, शुगरच्या गोळ्या घेतल्या का विचारते, ठेवून देते. त्या थपडेबद्दल आम्ही बोललेलो नाही. पण भांडतो खूप. लहानपणी नव्हतो भांडलो इतकं. परवा कढीवरून झालं. मी म्हटलं खारट झाली, तर तिनं पळी सिंकमध्ये अशी फेकली की नळाची तोटी वाकडी झाली.

"एवढी ओरडते काहून वं?" मी म्हटलं.

"आत्ताच तर शिकली," ती म्हणाली. "ओरडू दे थोडे दिवस."

कढी खारट झालीच होती. तिच्यात ताक घालून पुन्हा उकळली आणि जेवलो.