कायाकल्पाचं वाक्य

बंगळुरातल्या नातीला मी फोनवरून मराठी शिकवते. तिला हौस नाही, मला खाज आहे. बडोद्यात उभा जन्म मराठी शिकवण्यात गेला, आता शाळेत मराठीचा वर्गच उरला नाही, मग कुणाच्या तरी मानगुटीवर बसायला नको? रोज एक शब्द, त्याची पाच वाक्यं. मागच्या महिन्यात शब्द होता कायाकल्प, म्हणजे म्हाताऱ्या देहाला पुन्हा तारुण्य येणं. चार वाक्यं कशीबशी जुळवली. पाचवं आपसूक उतरलं: "औषधाने कसला होतोय कायाकल्प, आपल्या भाषेत बोलायला माणूस मिळालं की होतो." हे गेल्यापासून घरात मी देवाशी आणि कुकरशीच मराठी बोलते. खोटं कशाला सांगू, फार एकटं वाटतं.

नातीने उत्तरादाखल एक अंगठा पाठवला.

म्हणून संध्याकाळी ते वाक्य मी बाकावरच्या बेनना ऐकवलं. हरणी भागातल्या आमच्या सोसायटीत त्या दोन वर्षांपूर्वी भाड्याने आल्या. दारावर पाटी घरमालकाची, आणि मला तर सगळे टीचरच म्हणतात. पहिल्या दिवशी "केम छो" झालं, तेच पुढे चालू राहिलं. उंबरठा ओलांडला की गुजराती, ही आम्हा बडोदेकरांची जित्याची खोड. तर वाक्य मी नीट गुजरातीत करून सांगितलं. बेन पटल्यासारखं म्हणाल्या, "साची वात छे, टीचर."

परवा त्या कायमच्या लेकीकडे सुरतेला निघाल्या. मी फाटकापर्यंत गेले. गाडीत बसलेल्या त्यांच्या यजमानांनी हाक मारली, "अगं, गुडघ्याचं तेल वरच राहिलं ना?"

"पिशवीत आहे हो," बेन म्हणाल्या.

मी बघतच राहिले. "तुम्ही मराठी?"

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "अगंबाई, तुम्हीसुद्धा?"

दोन वर्षं एका बाकावर बसून आम्ही परक्या भाषेत हवापाणी बोलत होतो. मला हसू येईना. राग आला, तोही स्वतःचाच. सांगायचं एवढं साठलं होतं आणि यजमान घड्याळ बघत होते. "फोन करा," मी म्हटलं. "करते की," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत गाडीत बसल्या.

गाडी हलली. खिडकीतून हात बाहेर काढून त्या म्हणाल्या, "आवजो, टीचर."

मीही "आवजो" म्हटलं. तोंडातून गुजरातीच निघालं.