मस्कतचं एका तासाचं विमान

लातूरजवळच्या मुरुडचे गुरुपादप्पा बैलांचे हेडी, म्हणजे गुरांचा व्यापार करणारे. विकणाऱ्यानं बैलाचं वय सांगितलं की हे आधी त्याचे दात मोजायचे, मग मालकाच्या शेजाऱ्याला गाठून पुन्हा विचारायचे. माझी लातुरात आडत असल्यामुळं माणसं मी बरीच बघितलीत, पण एवढा संशयी माणूस दुसरा नाही. लातूर जिल्हा झाला त्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. कलेक्टर आला, पाणी कुठं आलं, म्हणायचे. दुष्काळ होता, विहिरींनी तळ गाठला होता.

त्यांचा जावई मन्मथ वायरिंगच्या कामाला मस्कतला गेला. तिथून सुट्टीवर आलेल्या उदगीरच्या एका माणसाबरोबर त्यानं आपलं बोलणं भरून कॅसेट पाठवली. मुंबईहून सकाळी दहाला विमान उडालं, अकराला मस्कतला उतरलो, असं तो त्यात म्हणाला. झालं! गुरुपादप्पांनी तेवढंच पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. मुरुडहून लातूरला यायलाच एसटी तास घेते, आणि हा तासाभरात समुद्र ओलांडतो? पोरगा मुंबईतच दुसरा संसार थाटून बसलाय, हे त्यांनी ठरवून टाकलं. पोटुशी असलेल्या लेकीला, सिद्धम्माला, सासरहून घेऊन आले आणि काडीमोडाची भाषा बोलू लागले.

मी परोपरीनं समजावलं. मस्कत हजारेक मैलांवर आहे, विमानाला अडीच तास लागतात, पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं. तर ते माझ्याकडंच संशयानं बघू लागले.

"सूर्य एकच हाय न्हवं? मग घड्याळं दोन कशी?"

माझं डोकंच फिरलं. शेवटी मस्कतला परत निघालेल्या त्याच उदगीरच्या माणसाकरवी मन्मथला निरोप धाडला, की सोमवारी संध्याकाळी माझ्या आडतीत फोन कर.

फोन आला तेव्हा बाहेर काळोख पडला होता. सिद्धम्मा दाराबाहेर ओट्यावर बसली होती. ख्यालीखुशाली राहिली बाजूला, अप्पांनी रिसीव्हरमध्ये ओरडून विचारलं, "तिकडं दिस बुडाला का?"

"न्हाई मामा. ऊन हाय अजून. का?"

याचं उत्तर कुणी आधी ठरवून ठेवत नाही, हे अप्पांना कळलं. जावई खरंच परमुलखात होता.

"म्हंजी अडीच तासांचीच वाट हाय?"

"हाव."

"मग दोन दिस येऊन जा की, बाबा. पोरीचे दिस भरत आलेत."

मन्मथचं उत्तर शेजारी उभ्या मलाही ऐकू आलं.

"पासपोर्ट मालकाच्या कपाटात हाय, मामा. दोन वर्षं सोडत न्हाई म्हणतो."

तेवढ्यात लाइन कटली. अप्पांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मला त्यांची कीव आली.

सिद्धम्मा आत आली. काय म्हणाले, तिनं विचारलं. जन्मभर दुसऱ्याचं खोटं हुडकणारा तो माणूस जमिनीकडं बघत म्हणाला, "येतो म्हणला. जवळच हाय."

तिनं बापाकडं निरखून बघितलं.

"खरं सांगा, अप्पा," ती म्हणाली.