पाळकांनी लावलेली जोडी

थंडीत लाखोरीची भाजी खुडायला बसले की त्या हिरव्या वासाबरोबर मला मोहाडीचा तो बाजार आठवतो. आमच्या तेव्हाच्या पाळकांनी सुवार्ता सांगायला दोघादोघांच्या जोड्या पाठवल्या आणि माझ्या जोडीला मुद्दाम मोठ्या जाऊबाई दिल्या. सासूच्या आजारपणात जास्त कुणी केलं, यावरून आमचं बोलणं बंद होतं. बसमध्येही आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. बाजारात लाखोरी विकणाऱ्या एका म्हातारीपुढे आम्ही बसकण मारली. देव कशी क्षमा करतो ते मी सांगितलं, शेजाऱ्यावर प्रेम कसं करावं ते जाऊबाईंनी. म्हातारी मन लावून ऐकत होती. तिनं तांब्याभर पाणी दिलं. मी वरून प्यायले आणि तांब्या जाऊबाईंपुढे धरला, तर त्यांनी तो घेतलाच नाही. म्हातारीला म्हणाल्या, "मावशी, मले दुसरं पानी दे." म्हातारीनं मला विचारलं, "हे कोन होय तुही?" "जाऊ," मी म्हणाले. "मंग इच्यासंग काहून नाई बोलून राहिली? पह्यले घरी सांगा नं बाई हे समदं, मंग मले सांगा," असं म्हणून ती भाजीवर पाणी शिंपडायला लागली. परतताना वाटलं, आता तरी जाऊबाई बोलतील. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटलं असेल. परवा उपासनेनंतर नव्या पाळकांनी पुन्हा आमचीच जोडी लावली. आम्ही दोघींनी एकदमच "आमेन" म्हटलं आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलो.