निवेदनासारखी भरलेली यादी

निवेदन लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. कॉलेजात गेल्यापासून मी हेच केलंय. पत्रकं लिहिली, छापून आणली, दसरा चौकात उन्हात उभं राहून वाटली. वसतिगृहात पाणी द्या, वस्तीतली शाळा बंद करू नका, मुलींच्या बसपासची मुदत वाढवा. त्यातून एक गोष्ट अंगात मुरली. पहिली मागणी मोठी ठेवायची, साहेब खुर्चीत हलला पाहिजे. तो ती नाकारतो, आपण घोषणा देतो, आणि तडजोडीत तिसऱ्या-चौथ्या नंबरची मागणी पदरात पडते. मुळात आपल्याला तीच हवी असते.

हीच अक्कल मी धाकट्या बहिणीच्या प्रवेशअर्जात चालवली आणि तिचं डेंटल जवळजवळ घालवलं.

तिला दाताचीच डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते आजचं नव्हतं. ती आठवीत असताना आमच्या वस्तीत, कळंब्याच्या बाजूला, दात तपासणीचं शिबिर लागलं होतं. आई दातांना मिश्री लावते, भाजलेल्या तंबाखूची. आमच्याकडच्या बायका सकाळी उठून चुलीकडं बघायच्या आधी मिश्रीच्या डबीकडं बघतात. आई रांगेत बसली, डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं, सगळ्यांदेखत झाडलं आणि समोरचे चार दात काढून हातात कापसाचा बोळा दिला. बहीण शेजारी उभी होती. तिनं विचारलं, भरता आले नसते का? शिबिरात भरत नसतात, असं तो म्हणाला आणि पुढच्या बाईला बोलावलं. मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं: ‘गरिबाचा दात उपटायचा आणि पैसेवाल्याचा भरायचा, हा कुठला न्याय?’ लोकांनी वाचलं, घड्या घालून खिशात ठेवलं. आई त्या दिवसापासून तोंडाला पदर लावून हसते. बहिणीनं काही लिहिलं नाही. ती अभ्यासाला बसली.

बारावीनंतर प्रवेशपरीक्षेचे गुण आले ते असे, की डेंटलला सहज पुरावेत आणि एमबीबीएसच्या काठावर लोंबकळावेत. मग सल्ले सुरू झाले. कुरुंदवाडची मावशी फोनवर म्हणाली, “दाताचा म्हंजे अर्धाच डॉक्टर की गं.” मी मावशीशी अर्धा तास भांडले. दात काय शरीराच्या बाहेर उगवतात का, इथपर्यंत गेले. शेवटी तिनंच फोन ठेवला.

वैद्यकीय आणि दंत, दोन्हींच्या कॉलेजांची पसंती एकाच यादीत भरायची असते. बहिणीनं अकरा डेंटल कॉलेजं वहीच्या पानावर क्रमानं लिहून दिली आणि दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला आईबरोबर गेली. तुला अर्ज लिहायची सवय हाय, तूच भर, म्हणाली. मी बाबांच्या मोबाईलवर आलेला ओटीपीचा नंबर टाकून खातं उघडलं आणि तिच्या अकरांच्या डोक्यावर एमबीबीएसची नऊ कॉलेजं चढवली. कुठली तर विदर्भातली, मराठवाड्यातली, आमच्यापैकी कुणी नकाशावरही न बघितलेली. मोठं मागा म्हणजे मधलं मिळतं. अर्ज कायम केला, प्रिंट काढली, टीव्हीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी दुपारी, तिनं ती उचलली. पाच वाजता मुदत संपत होती. तिनं पान दोनदा वाचलं आणि आवाज न चढवता विचारलं, “ह्ये वरचं नऊ कुणाचं?”

मी माझं शास्त्र सांगितलं. ती म्हणाली, “ताई, ह्यो अर्ज हाय, मोर्चा न्हाय. समोर साहेब न्हाय तडजोड कराय. संगणक वरनं खाली बघत येतोय. जे पयलं बसतंय ते देतोय आणि खालचं सोडून देतोय. ह्यातलं काठावरचं एक लागलं की माझं डेंटल गेलं.”

आणि मी, पत्रकं वाटणारी मी, म्हणाले, “मग एमबीबीएस लागलं तर वाईट काय हाय?”

“तू पण मावशीच की,” ती एवढंच म्हणाली.

लाज वाटली. डावपेच वगैरे सगळं वरवरचं होतं. तिचं डेंटल मलाही अर्धंच वाटत होतं, म्हणून तर माझा हात इतका सहज वर गेला.

अर्ज मुदतीपर्यंत पुन्हा उघडता येत होता, पण पुन्हा बाबांच्याच मोबाईलवर नंबर येणार. बाबा एसटीत कंडक्टर. त्या दिवशी गगनबावड्याच्या गाडीवर होते आणि तिथं पाऊस लागला की रेंज जाते. साडेतीनपर्यंत फोन लागेना. मी सरकारला, मोबाईल कंपनीला, घाटाला, सगळ्यांना शिव्या दिल्या. बहीण वहीचं पान समोर ठेवून बसली होती. चार वाजून गेल्यावर बाबांचाच फोन आला. परतीच्या वाटेवर गाडी चहाला थांबली होती. नंबर दहाच मिनिटं चालतो, हलू नका, मी ओरडून सांगितलं आणि बटण दाबलं. बाबांचा चष्मा घरी राहिला होता. फोनमधून ऐकू आलं, “पावणं, एवढं वाचा की, लेकीच्या ॲडमिशनचं हाय.” मग एक अनोळखी घोगरा आवाज एकेक आकडा दोनदोनदा सांगत गेला. सहावा आकडा सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, “कशाचं शिक्षान?” बाबा म्हणाले, दाताची डॉक्टर होणार. “मग लौकर करा म्हणावं,” तो म्हणाला, “माझी दाढ लई दुखाय लागलीया.”

या वेळी मी बाजूला सरकले. नऊ कॉलेजं तिनं स्वतः काढली, एकेक करून. पाचला वीस मिनिटं असताना अर्ज कायम झाला. मी भिंतीला टेकून खाली बसले.

यादी लागली त्या सकाळी तिला दुसऱ्या नंबरचं कॉलेज मिळालं. सांगलीकडचं, रोज जाऊन-येऊन करता येईल असं. मावशीला फोन मीच केला, आणि भांडले नाही.

बाबांनी पेढे आणले. बहिणीनं आईला खिडकीपाशी उजेडात बसवलं, आ करायला लावलं, मोबाईलची बॅटरी धरून बघितलं आणि मिश्रीची डबी उचलून स्वतःच्या दप्तरात टाकली. आई म्हणाली, अजून कॉलेज बघितलं न्हाय आणि लागली डॉक्टरकी कराय. आणि हसली. तोंडाला पदर लावून, नेहमीसारखी. ते चार दात बसवायला अजून पाच वर्षं आहेत.