पाठपोट मॅडम

आमच्या मॅडम मार्कशीट हातात घेतली की आधी ती उलटी करायच्या. पुढच्या बाजूला तुमचं नाव आहे, मार्क आहेत, मोठा शिक्का आहे, पण तिकडे त्या ढुंकूनही बघत नसत. पालथ्या बाजूला बारीक अक्षरात जो मजकूर छापलेला असतो आणि जो आपण जन्मात कधी वाचत नाही, तो त्या चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून वाचायच्या. कितीला कोणती श्रेणी, पास कितीला, क्रेडिट कसे मोजले. मग चष्मा खाली आणून समोरच्या पोराला म्हणायच्या, "हं, आता बोल. कुठला देश?"

झेरॉक्स आणायला सांगताना "पाठपोट आण हं, नुसतं पोट नको" हे त्या इतक्या वेळा म्हणत, की नवीन पनवेलमधल्या परदेशी निघालेल्या पोरांनी त्यांचं नाव पाठपोट मॅडम पाडलं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एका मुलाने शेजाऱ्यांकडे चौकशी करताना नेमकं तेच नाव घेतलं आणि नेमक्या मॅडम जिन्यात उभ्या. "ये, ये. पाठपोट मीच," म्हणाल्या आणि त्याला घेऊन वर गेल्या.

एका कॉलेजच्या परीक्षा विभागात सारी नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत आणि दर रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती पोरं जमत. टेबलावर कागद असताना त्यावर चहाचा कप ठेवायची कोणाची टाप नव्हती. चहा गॅलरीत उभं राहून प्यायचा, हात धुवायचे, पंच्याला पुसून कोरडे करायचे आणि मगच कागदाला शिवायचं. कागदाला टाचणी टोचलेली दिसली तरी त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू काटा त्यांनाच रुतलाय.

स्वतः त्या कधी विमानात बसल्या नव्हत्या. पण देशांबद्दल अशा बोलत, की जणू घरी जेवायला येणाऱ्या पाहुण्यांच्या आवडीनिवडी सांगताहेत. "अमेरिकेला सगळे मार्क चारपैकी करून लागतात. इंग्लंडला आकड्यापेक्षा वर्ग सांग, पहिला की दुसरा. जर्मनीचं उलटं. तिथे एक म्हणजे सगळ्यात हुशार आणि चार म्हणजे जेमतेम पास." सूत्र त्या पेन्सिलीने मांडत आणि उत्तर दोन दशांशांपर्यंत काढत. त्यापुढे त्यांच्याशी घासाघीस चालत नसे. एका मुलाचा आकडा दोन पूर्णांक चौपन्न आला, हवे होते अडीच. "मॅडम, अडीचच लिहू ना," तो काकुळतीला आला. "लिही," त्या म्हणाल्या, "फक्त त्यांच्याकडे गणित येणारा एकही माणूस नसेल अशी प्रार्थना कर." त्याने मुकाट्याने चौपन्न लिहिलं.

मी त्यांच्याकडे गेले ती बाबांबरोबर. आमचं गाव नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. बाबांची रोपांची नर्सरी. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली, त्यामुळे माझ्या मार्कशीटचं बाबांना फार अप्रूप. मला जर्मनीत पाण्याच्या शुद्धीकरणाचं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. पनवेलातल्या एका सल्ला केंद्राने माझा आकडा काढून दिला होता, दोन पूर्णांक चौऱ्याहत्तर. प्रवेशाला अडीच किंवा त्याहून कमी लागत होते. "नाय बसत," असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही शेवटचा उपाय म्हणून मॅडमच्या दारात उभे राहिलो.

"पास कितीला धरलंय त्यांनी?" मॅडमनी विचारलं.

"दहापैकी पाच," मी म्हटलं.

"कशावरून? पाठ बघितली का? आण इकडे."

बाबांनी मोठ्या अभिमानाने पिशवीतून मार्कशीट काढून टेबलावर ठेवल्या. आठ सत्रांच्या आठ मार्कशीट बाबांनी लॅमिनेट करून आणल्या होत्या. तेही कसं, तर दोन-दोन मार्कशीट पाठीला पाठ लावून एकाच प्लास्टिकमध्ये. हॉटेलच्या मेन्यूकार्डासारख्या चार जाड पाट्या. पुढून एक सत्र, मागून दुसरं. पाठी सगळ्या आत, कायमच्या बंद.

"पावसान भिजल्या तरी काय नाय होनार," बाबा म्हणाले. "आमी जपून ठेवल्या."

मॅडमनी पाटी उलटली, पुन्हा उलटली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मार्कशीटची पाठ सापडत नव्हती. मग हळूच म्हणाल्या, "दादा, जर्मनीला पाठवायच्या आधी मूळ मार्कशीटवरच विद्यापीठाचा आणखी एक शिक्का लागतो. तो प्लास्टिकवर कसा मारणार?"

अर्ज पोचायला तीन आठवडे उरले होते. माझं डोकंच फिरलं. मी परक्या बाईच्या घरात, परक्या बाईसमोर बाबांना म्हटलं, "कोणी सांगितला होता हा शहाणपणा? जे कळत नाही त्याला हात कशाला लावायचा?" बाबांनी पाट्या गोळा करून मांडीवर घेतल्या आणि त्यांच्या कडा अंगठ्याने पुसत बसले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या.

मग त्या उठल्या आणि आतून इस्त्री घेऊन आल्या. "एक उघडून बघू," म्हणाल्या. पाटीवर सुती रुमाल घातला, इस्त्री फिरवली, प्लास्टिक मऊ झाल्यावर एका कोपऱ्यातून ओढलं. प्लास्टिक निघालं, पण छपाई घेऊनच निघालं. पाचव्या आणि सहाव्या सत्रातलं माझं नाव, विषय, मार्क, सगळं उलटं होऊन प्लास्टिकला चिकटलं. कागद पांढरेफटक. पाठी मात्र जशाच्या तशा. मॅडमनी एक पाठ नाकाशी धरली. "पास चारला आहे, पाचला नाही," म्हणाल्या आणि पेन्सिलीने सूत्र मांडलं. माझी सरासरी सात पूर्णांक एक. उत्तर आलं दोन पूर्णांक पंचेचाळीस. मी प्रवेशात बसत होते, आणि ते सिद्ध करणारा कागद नुकताच माझ्या डोळ्यांदेखत कोरा झाला होता.

"चूक माझी," मॅडम म्हणाल्या. "प्लास्टिकचं काय, विद्यापीठाच्या खिडकीवर माझी माणसं आहेत, काहीतरी सोय झाली असती. इस्त्री फिरवायला नको होती. आता दुय्यम प्रती काढाव्या लागतील."

दुय्यम प्रती यायला अडीच महिने लागले. माझं वर्ष गेलं. त्या दिवशी मी मॅडमना काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. एवढंच सांगते, की "दुसऱ्यांच्या कागदांना हात लावत जाऊ नका" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य होतं. "बरोबर आहे तुझं," असं म्हणून त्यांनी इस्त्रीची वायर गुंडाळली. बाबा निघताना जिन्यात मागे राहिले, मॅडम त्यांना काहीतरी सांगत होत्या. मी रागाने केव्हाच स्टँडकडे चालायला लागले होते.

गंमत म्हणजे बाबांवरचा माझा राग त्या संध्याकाळीच उतरला. घरी आल्यावर मीच त्यांना भात वाढला, मीच म्हटलं, "जाऊ द्या बाबा, तुम्ही तरी काय करणार, त्या बाईंनीच घोळ घातला." बाबा खाली बघून जेवत राहिले.

मॅडमचा निरोप आठवड्याभरात आला. वर्ष माझ्यामुळे गेलंय, तर रविवारी ये, रिकामी बसू नकोस. मी गेले, तोंड फुगवूनच गेले. वर्षभर मी त्यांच्या टेबलाशी बसून पोरांच्या मार्कशीट उलट्या केल्या, सूत्रं मांडली, दशांश मोजले. त्या शिकवत राहिल्या, मी शिकत राहिले, पण मनातली अढी काही गेली नाही. कोणी नापास विषयाची केटी लपवली तर त्या म्हणत, "लपवू नकोस, पडून उठलेला माणूस त्यांनाही चालतो." मी मनात म्हणायची, तुमच्यामुळे पडलेल्याचं काय? पुढच्या वर्षी मला प्रवेश मिळाला. निघायच्या आधी त्यांच्या पाया पडले, तेही रीत म्हणून. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि थंडीसाठी पायमोजे दिले.

इथे जर्मनीत आल्यावर मी त्यांना सणावाराला मेसेज करत असे. कधी राहूनही जाई. परवा दुपारी प्रयोगशाळेत होते तेव्हा बाबांचा फोन आला. मॅडम गेल्या. झोपेतच. बाबा गावाहून जाऊन खांदा देऊन आले होते.

"तुला येक सांगायचा हाय," बाबा म्हणाले. "त्यांनी शपथ घातली व्हती, म्हनून आजवर नाय बोललो. त्या दिवशी जिन्यान मला म्हनाल्या, दादा, प्लास्टिकवर शिक्का कदीच बसत नाय. आठीच्या आठी पुन्ना काढायला लागनारच व्हत्या. वर्स जानारच व्हता. पन पोरीला कलू देऊ नका. तिला माझ्यावर रागावू द्या. मी कोन, वाटेवरची बाई. तुमच्यासंगती तिला रोज येका ताटाशी बसायचा हाय."

कागदाला टाचणी लागली तरी कळवळणारी ती बाई. मी विचारलं, "बाबा, म्हणजे इस्त्री त्यांनी मुद्दाम फिरवली?"

"ता मी नाय इचारला," बाबा म्हणाले. "मला कवा धीरच नाय झाला."