लाल रुमालाखाली

अकोल्याच्या कापूस बाजारात तेव्हा भाव तोंडानं ठरत नसे. दलाल आणि अडत्या समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि बोटं दाबून सौदा करत. पोती वाहत वाहत मी दलाल झालो आणि पहिल्याच मोठ्या सौद्यात एका अडत्यानं चार बोटं दाबून रुमाल उचलल्यावर तीन सांगितली. मी त्याची गचांडी धरली. लोक म्हणाले, साक्षीदार कोण? रुमालाखाली साक्षीदार नसतो. तो अडत्या पुढं जन्मभर मला रामराम घालत राहिला. मी एकदाही घेतला नाही.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या एका गिरणीनं मला लांब धाग्याचा कापूस पारखायला इजिप्तला पाठवलं. गिरणीतल्या शिकलेल्या साहेबांना ते रुचलं नव्हतं. भाव चुकला तर पुन्हा अकोल्यात पोती वाहायची, हे मला ठाऊक होतं.

कैरोतला व्यापारी म्हातारा, फार गोड बोलणारा. आमच्यात दुभाष्या म्हणून तिथंच स्थायिक झालेला एक सिंधी दुकानदार होता. माल पसंत पडला. भावाचं काढलं की म्हातारा म्हणे, शुक्रवारनंतर. शुक्रवारी लाल संघ आणि पांढरा संघ यांचा फुटबॉलचा सामना होता. हॉटेलवाला, न्हावी, टांगेवाला, जो तो मला आधी विचारी, लाल की पांढरा? मी उत्तर देत नसे. अनोळखी माणूस आपली बाजू विचारतो तेव्हा त्याला काहीतरी विकायचं असतं. अमरावतीला दोन आखाड्यांच्या कुस्त्यांत डोकी फुटलेली मी पाहिली होती, पण दुसऱ्या दिवशी दुकानं उघडी असत. एका चेंडूपायी इथं धंदा थांबतो, हे मला पटेना. म्हातारा दुसरं गिऱ्हाईक शोधत असणार.

शुक्रवारी त्यानं मला आणि सिंध्याला सामन्याला नेलं. आमच्या बाजूला सगळे लाल. म्हातारा आणि त्याचा मेव्हणा खेटून बसले, दोघांच्या मांड्यांवर एकच मोठा लाल रुमाल. मेव्हणाही कापसातलाच. खाली म्हाताऱ्याची बोटं हलत होती. माझं डोकं फिरलं. लालनं गोल केला, मेव्हण्यासकट सगळे ओरडत उभे राहिले, आणि मी रुमाल ओढला.

"हात दाखव. मले रुमालाखालचा धंदा शिकवून राह्यला काय?"

म्हाताऱ्याच्या मुठीत पांढरा हातरुमाल होता, घामानं भिजलेला. तो माझ्याकडं बघत राहिला. तोंडावरचा सगळा गोडवा गेला होता. मी लाल रुमाल परत त्याच्या हातावर टाकला.

सिंध्यानं कानाशी सांगितलं, "सेठ, ये दिल से सफ़ेद हैं. ससुराल लाल, साझेदार लाल. शादी के दिन से छुपा रहे हैं. पता चला तो बाज़ार में कोई बैठने नहीं देगा."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं आपणहून भाव सांगितला. मी भांडून भांडून जिथं आणला असता, त्याच्याही खालचा. सिंधी खूश झाला. मला मात्र वास आला. न भांडता कोण देतं? तळच्या कापसाच्या गाठी फोडून पाहिल्या. माल स्वच्छ होता. म्हणजे हा भाव कापसाचा नव्हता.

"त्यांना सांगा, मी काल काही पाहिलं नाही," मी म्हणालो. "आता खरा भाव बोला."

म्हाताऱ्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग त्यानं असा चढा भाव सांगितला की मी खुर्चीवरून उठलोच. दुपारपर्यंत आम्ही भांडलो, चारही हात टेबलावर उघडे. गिरणीनं घालून दिलेल्या मर्यादेत सौदा बसला, पण सकाळच्या भावाच्या वर.

सकाळचा भाव मी सोडल्याचं सिंध्यानं गिरणीला कळवलं. पुढच्या खेपेला साहेबांनी दुसरा माणूस पाठवला. अकोल्यात अजून म्हणतात, इजिप्तवाल्यानं याला गंडवलं. कधी कधी मलाही वाटतं, मला शरमिंदा करून वरचा भाव काढायला म्हाताऱ्यानं ती मूठ मुद्दाम तर हलवली नव्हती? सांगायचं कोणाला? रुमालाखाली एकदाच साक्षीदार होता, आणि त्यानं काही पाहिलं नाही म्हणून सांगितलं होतं.